धुऱ्यावरची माती आणि पाकिटातली पावडर

मातीतले जिवाणू वाढवलेल्या माझ्या प्लेटचा मोबाईलवरचा फोटो झूम करकरून पाहिला आणि मोठे बाबा म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण ह्यातलं कामाचं कोणतं?" नंतर व्हायव्हात एक्स्टर्नलनी अर्धा तास प्रश्न विचारले, पण इतका नेमका एकही नव्हता.

तर झालं असं की एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट निवडायचा होता, बॅचमधल्या अर्ध्या पोरींनी हॉस्पिटलमधले जिवाणू घेतले कारण ते ऐकायला भारी वाटतं, आणि मी घेतली माती. उमरेडकडे आमचं वावर आहे, मोठे बाबाच, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, ते करतात, थोडी पऱ्हाटी, थोडं सोयाबीन, मधात तुरीचं तास, म्हणजे ओळ. काळी कापसाची माती, मे महिन्यात भेगा अशा पडतात की चप्पल अडकते. त्या उन्हात मी खुरपं आणि झिपलॉकच्या पिशव्या घेऊन बसली, वरचा पालापाचोळा बाजूला करून वीतभर खोल खणून सॅम्पल घेत होती, आणि मोठे बाबा डोक्याला दुपट्टा बांधून बाजूला उभे. "माती न्यायले कॉलेज लागते का बाप्पा? आणि काऊन मधातलीच घेऊन राहिली, धुऱ्यावरची बी घे."

धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची का, तर जीवामृत नावाच्या घरगुती खतात तीच टाकतात म्हणून. आपल्या अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांनी ते घरोघर पोचवलं, शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर बांधावरची माती. मी तेव्हा हो म्हटलं ते त्यांचं मन राखायला, खरं सांगते.

लॅबमधलं काम दिसायला स्वयंपाकासारखंच असतं. एक ग्रॅम माती नऊ मिली पाण्यात, त्यातलं एक मिली पुढच्या नऊमध्ये, असं पाच वेळा केलं की मूळ माती लाखपट पातळ होते, मग त्यातला थेंब, मिलीचा दहावा भाग, प्लेटवर पसरवायचा, कारण सरळ माती टाकली तर मोजायला काही उरतच नाही. चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये शंभर कोटीपर्यंत जिवाणू असू शकतात. आणि प्लेटमध्ये जे घट्ट होतं ते आगर, म्हणजे किराणा दुकानातला चायना ग्रासच. ही आयडिया १८८१ मध्ये फॅनी हेसे नावाच्या बाईची, नवऱ्याच्या प्रयोगांत जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं तेव्हा तिनं सांगितलं की मी जेलीसाठी वापरते ते वापरून बघा. जर्मनीच्या उन्हाळ्यात वितळायचं हो! आमच्या लॅबमध्ये लाईट गेली की पंख्यासकट सगळं बंद, तिथं जिलेटिनचं सार झालं असतं. टीबीचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांच्या लॅबनं आगर लगेच उचललं, बाईंचं नाव मात्र कोर्समध्ये एका ओळीपुरतंही नव्हतं.

मी शोधत होती फॉस्फरस विरघळवणारे जिवाणू, शेतकरी त्यांना पीएसबी म्हणतात. भानगड अशी आहे की आपल्या काळ्या मातीत चुना भरपूर, माती अल्कधर्मी, त्यामुळे डीएपी खतामधला बराचसा फॉस्फरस कॅल्शियमला चिकटून बसतो आणि झाडाला मिळत नाही. मोठे बाबा वर्षानुवर्षं पोती ओतून राहिले, त्यातलं कितीतरी तिथंच जमिनीत कुलूप लावून पडलंय. काही जिवाणू आम्ल सोडून ते कुलूप उघडतात. प्लेटमध्ये दुधाळ पांढरा कॅल्शियम फॉस्फेट घातलेला असतो, जिथं असा जिवाणू वाढतो तिथं त्याच्याभोवती पारदर्शक कडं दिसतं, चंद्राला खळं पडतं ना, अगदी तसं. पहिल्यांदा ते कडं दिसलं तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये जाऊन आईला फोन केला होता.

आणि धुऱ्याची माती जिंकली. नांगराखालच्या मातीपेक्षा कॉलन्यांचे प्रकार जास्त, पिवळ्या, चिकट, सुरकुतलेल्या, खडूसारख्या कोरड्या, आणि ती पारदर्शक कडीही जास्त. विचार केला तर साधं आहे, तिथं नांगर जात नाही, फवारा कमी, वर्षभर गवताची मुळं आणि लिंबाचा पाला. एका वावरातल्या चार सॅम्पलवरून मी नियम सांगणार नाही, पण मोठ्या बाबांना फोन करावाच लागला. ते फक्त "हाव" म्हणाले. सुरुवातीला सांगितलेला प्रश्न ह्याच प्लेटच्या फोटोवरचा.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या प्रश्नाचं उत्तर प्लेट देतच नाही. प्लेटमध्ये कडं दिसलं म्हणजे वावरात काम होईलच असं नाही, कारण काळी माती आम्ल पिऊन टाकते, जिवाणूनं सोडलेलं थोडं आम्ल तिथल्या चुन्यानं कधीच मारून टाकलेलं असतं. आणि प्लेटवर दिसतात ते तरी किती, मातीतल्या शंभरातला एखादाच असा वाढतो, बाकीच्यांना आमचं जेवण आवडतच नाही. त्यांचा पत्ता लागतो तो डीएनएवरून, जिवाणूची ओळख पटवणाऱ्या १६एस नावाच्या जीनवरून. किंवा काही हुशार लोक उलटं करतात, जिवाणूला लॅबमध्ये आणायच्या ऐवजी बारीक भोकांच्या चिपमध्ये घालून परत मातीतच पुरतात. अशा चिपमधल्या एका जिवाणूपासून टेक्सोबॅक्टिन हे नवं अँटिबायोटिक मिळाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं.

त्या खडूसारख्या कोरड्या कॉलन्या होत्या ना, त्या स्ट्रेप्टोमायसीस असाव्यात, झाकण उघडलं की लॅबमध्ये पहिल्या पावसाचा वास. मृगाच्या सरी पडल्यावर आपण खिडकी उघडून जो वास घेतो त्यातला मोठा वाटा ह्या मंडळींच्या जिओस्मिनचा असतो. ह्यांच्याच एका भाऊबंदापासून १९४३ मध्ये आल्बर्ट शाट्झ या पोरानं, तेव्हा तो रिसर्च करणारा विद्यार्थीच होता, स्ट्रेप्टोमायसिन काढलं, टीबीवर चालणारं पहिलं अँटिबायोटिक. नोबेल १९५२ मध्ये मिळालं ते एकट्या गाईडला, वाक्समन यांना. पीएचडी करणाऱ्या मैत्रिणींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मोठ्या बाबांना सगळ्यात जास्त धक्का बसला तो बीटीचा. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजेन्सिस, मातीत राहणारा जिवाणूच, अळीच्या पोटात विषारी ठरणारं प्रथिन बनवतो, त्याचाच जीन कपाशीत घातला आणि २००२ पासून ते बियाणं आपल्याकडे आलं. "म्हणजे वीस वर्षं मी जंतूच पेरून राहिलो?" जंतू नाही मोठे बाबा, जंतूचा एक जीन. मग ते २०१७ च्या गुलाबी बोंडअळीवर गेले आणि अर्धा तास दुसरं काही बोललेच नाहीत, अळी त्या विषाला सरावली होती, आणि त्या वर्षी बोंडं फोडून पाहिलेल्या माणसाला जीनची स्टोरी किती सांगणार.

पण माझा खरा राग आहे तो पाकिटावर. तुलनेसाठी मी एका कृषी केंद्रातून जिवाणू खताचं पाकीट आणलं होतं. नियमानुसार पावडरच्या एका ग्रॅममध्ये निदान ५ कोटी जिवंत जिवाणू पाहिजेत, म्हणजे लाखपट पातळ केलेल्या प्लेटवर पन्नासेक ठिपके यायला हवे होते. एकही नाही. मला वाटलं मीच चुकली, परत केलं, परत कोरी. शेवटी शंभरपट पातळवाल्या प्लेटवर अकरा ठिपके, म्हणजे ग्रॅमला अकरा हजार! तारीख संपलेली नव्हती. दुकानात परत गेली तर टिनाचं शेड, मे महिना, पाकिटं वरच्या फळीवर पत्र्याला टेकलेली. त्यांना म्हटलं तर म्हणतात, "मॅडम, पावडरच तर आहे, पावडर काय खराब होते." बॅसिलससारखे जिवाणू बीजाणू, म्हणजे टणक कवचातलं झोपलेलं रूप, करून ऊन काढतात तरी, पण सोयाबीन-हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करून झाडाला हवेतला नायट्रोजन पुरवणाऱ्या रायझोबियमला ते जमत नाही, तो त्या पत्र्याखाली भाजूनच निघतो. मग शेतकरी म्हणतो जिवाणू खतात काही दम नाही, आणि त्याचं काय चुकलं सांगा.

यंदा सोयाबीनला मी स्वतः पाकीट नीट ठिकाणाहून आणलं, डिक्कीत बर्फाच्या पाण्याची बाटली ठेवून. सोयाबीनचंच मागून घेतलं, कारण हरभऱ्याचा रायझोबियम सोयाबीनच्या मुळाला ओळखत नाही. बुरशीनाशक आधी लावून घेतलं, शेवटी गुळाच्या पाण्यात हे कालवून बियाण्याला हलक्या हातानं चोळलं, सावलीत वाळवलं आणि लगेच पेरलं. एका कोपऱ्यात चार तासं तशीच, काही न लावता.

दीड महिन्यानं मोठ्या बाबांनी दोन्हीकडची झाडं उपटली, मुळाच्या गाठी नखानं फोडल्या. काम करणारी गाठ आतून गुलाबी असते, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीचा रंग. लावलेल्या तासातल्या गुलाबी, भरपूर. न लावलेल्यातही काही गुलाबी निघाल्या, जमिनीत जुने असतीलच, पण कमी. ते बराच वेळ नखाकडे पाहत होते.

मागच्या आठवड्यात घरी गेली तर मोठी आई ओरडून राहिली होती, "तुझ्यापायी ह्या माणसानं माठाजवळची गार जागा अडवली." ओल्या पोत्यात गुंडाळून हरभऱ्याची दोन पाकिटं ठेवली होती तिथं.