ओरखडा कुणाचा? द्युबुफेच्या ड्रॉइंग्जसोबत एक दिवस

2016 च्या सप्टेंबरअखेर न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत फ्रेंच चित्रकार झाँ द्युबुफेच्या ड्रॉइंग्जचं प्रदर्शन लागलं, 1935 ते 1962 मधली जवळपास शंभर कामं, आणि त्याआधी कंडिशन रिपोर्ट, म्हणजे प्रत्येक चित्र कुठल्या अवस्थेत आहे याची नोंद, तपासणाऱ्यांत मी होते. क्रेट, म्हणजे चित्रांची पेटी, आला की लगेच उघडत नाहीत, आत-बाहेरचं तापमान जुळावं म्हणून एक दिवस तसाच ठेवतात. मग चित्र टेबलावर आडवं ठेवून टॉर्च बाजूने तिरकी मारायची, म्हणजे सुरकुती, सुटलेली कड, ओरखडा सगळं सावलीवरून कळतं, आणि एकेक खूण पाठवणाऱ्यांच्या फोटोशी ताडून बघायची.

पण हा माणूस द्युबुफे! फ्रान्समधल्या ले आव्रचा, घरचा वाइनचा धंदा, 1942 मध्ये चाळिशी उलटल्यावर पूर्णवेळ चित्रकलेत उतरला, आणि मनोरुग्णांची, कुठल्याही कॉलेजात न शिकलेल्यांची चित्रं त्याला म्युझियममधल्या चित्रांपेक्षा खरी वाटायची, त्यालाच त्याने ‘आर्ट ब्रूट’ म्हटलं. कागद नीटनेटका ठेवणं त्याच्या गावीही नाही. 1950 च्या बायकांच्या ड्रॉइंग्जमध्ये अख्खं शरीर कागदभर पसरलेलं, वरून पाहिलेल्या नांगरलेल्या शेतासारखं.

त्या दिवशी टेबलावर होतं ठशांचं काम. काळी शाई कागदावर फासून तिचे ठसे घ्यायचे, ते कागद कापायचे आणि चिकटवून चित्र करायचं. फॉर्मवर रकाने ठरलेले: फाटलंय का, डाग आहे का, कड सुटलीय का, आणि इथे सगळ्यालाच ‘हो’!! एका तुकड्याची कड चांगलीच वर आलेली, फोटोत ती स्पष्ट नव्हती, प्रवासात सुटली असेल तर पाठवणाऱ्यांना कळवणं भाग. मी आणि कॉन्झर्वेटर, म्हणजे चित्रांची डागडुजी-जपणूक करणारा तज्ज्ञ, बराच वेळ त्यावरच अडलो. मग भिंगातून दिसलं की पेनाची एक रेघ तुकड्यावरून खाली उतरलीय आणि शाई त्या फटीच्या आत झिरपून वाळलीय. म्हणजे रेघ मारली तेव्हाच कड सुटलेली होती, त्याला ती दिसत होती आणि त्याने ती तशीच ठेवून पुढे काढलं.

हे कुणीही काढेल असं म्हणणाऱ्यांना मला ती फट दाखवावीशी वाटते.

रिपोर्टात लिहिलं, कड मुळातलीच. जानेवारीत शो उतरला आणि तोच रिपोर्ट क्रेटसोबत लॉस एंजेलिसच्या हॅमर म्युझियमला गेला.