दहा वॉनमधला सिंह

दक्षिण कोरियातल्या रोजच्या चिल्लरीत सगळ्यात लहान, तांबूस आणि बटणासारखं हलकं नाणं म्हणजे दहा वॉनचं. व्यास 18 मिलिमीटर, वजन 1.22 ग्रॅम. एकट्या नाण्याला बाजारात काही मिळत नाही, पण त्यावरचं चित्र भिंगाखाली धरून बघावं असं आहे.

तो दाबोताप. ग्योंगजू शहरातल्या बुलगुक्सा या बौद्ध मंदिरातला आठव्या शतकातला दगडी स्तूप, उंची दहा मीटरच्या थोडी वर. ‘दाबो’ म्हणजे प्रभूतरत्न. सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथात शाक्यमुनी, म्हणजे गौतम बुद्ध, उपदेश करत असताना ज्याचा रत्नजडित स्तूप जमिनीतून वर येतो, तो हा बुद्ध. शाक्यमुनींचा स्तूप, सोक्गाताप, त्याच अंगणात उभा आहे, साध्या सरळ रेषांचा. नाण्यावर कोरायला तो किती सोपा! पण निवड झाली ती जिने, खांब आणि नक्षीदार कठडे असलेल्या दाबोतापची, आणि तीही आज व्यवहारात सर्वांत गरीब ठरलेल्या नाण्यासाठी.

पायऱ्या संपतात तिथे नीट बघा. मोहरीएवढं काहीतरी बसलंय. तो सिंह. मूळ स्तूपावर असे चार होते म्हणतात, आता एकच उरलाय. 1966 च्या पहिल्या नाण्यावर तो नव्हता, 1983 च्या नव्या आराखड्यात आला. झालं! 1987 च्या अध्यक्षीय निवडणुकीत कंडी पिकली, की हा सिंह नव्हेच, एका उमेदवाराने विजयासाठी घुसवलेली बुद्धमूर्ती आहे.

खरी भानगड धातूची होती. 1970 पासूनचं जुनं नाणं पितळी, 65 टक्के तांबं आणि 35 टक्के जस्त, वजन 4.06 ग्रॅम. किलोत साधारण 246 नाणी बसतात, म्हणजे 2,460 वॉन. तांबं महागलं तशी धातूची किंमत त्यापुढे गेली आणि नाणी भट्टीत जाऊ लागली. डिसेंबर 2006 मध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा थर दिलेलं आजचं नाणं आलं. जुनी नाणी मात्र चलनात राहिली, वितळवणंही थांबलं नाही. अखेर 2011 मध्ये नफ्यासाठी नाणी वितळवणं कायद्याने गुन्हा ठरलं.

ग्योंगजूत आता याच नाण्यासारखा दिसणारा, पण खूप मोठा, आत चीज भरलेला गरम पाव मिळतो, तीन हजार वॉनच्या आसपास. सुटे मोजून द्यायचे तर तीनशे नाणी. नवी असतील तर 366 ग्रॅम, जुनी असतील तर सव्वा किलोच्या जवळपास.