टोकियोतली रेकॉर्ड आणि द्रुतातल्या ताना

सीडी प्लेअर जगात सर्वांत आधी विकायला आला तो जपानमध्ये, ऑक्टोबर १९८२ मध्ये. त्याच जपानच्या राजधानीत जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत सुट्टीच्या दिवशी उभं राहायला जागा नसते. प्रत्येक एलपी (मोठी रेकॉर्ड) प्लास्टिकच्या पिशवीत, चरे किती आहेत याची चिठ्ठी वर चिकटवलेली. कव्हरभोवतीची कागदी पट्टी शाबूत असेल तर किंमत लगेच चढते.

घरून फोनवर हमखास विचारतात, रेकॉर्डचा आवाज खरंच जास्त चांगला असतो का? मोजायला गेलं तर नाही. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर ९६ डेसिबलपर्यंत मावतं, एलपीवर साठ-सत्तर. शिवाय तबकडी फिरते एकाच गतीनं, मिनिटाला साडेतेहेतीस फेऱ्यांच्या आसपास. म्हणजे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण पन्नास सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम वीस-बावीस. तितक्याच जागेत दुप्पट आवाज कोंबल्यावर वरचे सूर फाटायला लागतात. ख्यालाचं दुर्दैव असं की सुरुवातीचा संथ विलंबित ऐसपैस कडेला बसतो आणि शेवटच्या जलद द्रुतातल्या ताना नेमक्या या अडचणीच्या जागी येतात.

तरी जुनी मैफल मी एलपीवरच ऐकते. डिजिटल करताना खरखर काढायच्या नादात तंबोऱ्याची आस (मागे रेंगाळणारा नाद) ही पुसून टाकलेली मी अनेकदा ऐकली आहे. तंबोरा गेला की गायकाचा सा उघड्यावर पडतो. त्यापेक्षा मला खरखर चालते. नवं रेकॉर्डिंग असेल तर मात्र फाईलच घ्यावी. डिजिटलमध्ये झालेलं गाणं प्लास्टिकवर कोरून त्यात काही वाढत नाही.

टोकियोहून भारतात टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, न्यायचं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट नीट बघावी. जपानमध्ये वीज दोन तऱ्हेची आहे. टोकियोनं १८९० च्या दशकात जर्मन जनित्रं घेतली, ओसाकानं अमेरिकन. त्यामुळे पूर्वेला ५० हर्ट्झ (म्हणजे विजेची सेकंदाला ५० आवर्तनं), पश्चिमेला ६०, आजही. पट्ट्यावर चालणाऱ्या बऱ्याच जुन्या यंत्रांची मोटर विजेच्या तालावर फिरते. ओसाकाचं असं यंत्र पुली (मोटरवरची पट्ट्याची चाकी) न बदलता टोकियोत लावलं तर ते हळू फिरतं, पेटीवरच्या काळी चारचा सा थेट पांढरी चारवर उतरतो आणि बाईंचा आवाज बुवांसारखा होतो! ओसाकाच्याच मात्सुशिताचं टेक्निक्स एसएल-१२०० (१९७२) डायरेक्ट ड्राइव्ह आहे, म्हणजे पट्टा नाही, मोटरच तबकडी फिरवते; त्याला ही भानगड नाही.

आपल्याकडे ५० हर्ट्झच, तेव्हा टोकियोची पुली चालेल. व्होल्टेज मात्र इथे १००, आपल्याकडे २३०. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणल्याशिवाय प्लग लावू नका.