टायबेरियसचं डिनेरियस ओळखताना

लंडनमध्ये एका दुकानातून चांदीचं रोमन नाणं, म्हणजे डिनेरियस, रीतसर पावती करून घेतलं. पावतीवर ‘रोमन, चांदी, झिजलेलं’ एवढंच लिहिलेलं. कोणत्या सम्राटाचं हे मलाच शोधायचं होतं, आणि मला तेच हवं होतं.

आधी वजन केलं : 3.6 ग्रॅम. तांब्यावर चांदी चढवलेली खोटी नाणी रोमन काळातही निघत. ती बहुधा हलकी भरतात आणि कडेला तांबूस दिसतात. भिंगातून पाहिलं तर माझ्या नाण्याची कड सगळी पांढरी होती. घासूनपुसून चकचकीत करायचा मोह मात्र टाळावा. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, आणि घासताना बारीक कोरीवकाम आधी जातं.

चेहऱ्यावरून फारसं कळत नाही. पानांची माळ घातलेला सम्राट कितीतरी नाण्यांवर आहे. खरा भरवसा अक्षरांवर. दिवा खाली आणून प्रकाश आडवा पाडला, नाणं हळूहळू फिरवलं, तेव्हा ‘दिवी’ उमटलं आणि त्याला लागूनच ‘अवग एफ’. नुसतं ‘दिवी एफ’ असतं, तर ज्युलियस सीझरचा दत्तक मुलगा ऑगस्टस धरला असता. ‘दिवी अवग एफ’ म्हणजे देवपद मिळालेल्या ऑगस्टसचा मुलगा, अर्थात टायबेरियस.

मागच्या बाजूला राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली स्त्री, कडेला ‘पोन्तिफ माक्सिम’, म्हणजे मुख्य पुरोहित, ही सम्राटाची पदवी. ही शांतिदेवतेच्या रूपातली त्याची आई लिव्हिया, असं बरेच अभ्यासक मानतात. टायबेरियसने इ.स. 14 ते 37 राज्य केलं आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर बहुतेक काळ हेच चित्र राहिलं. त्यामुळे प्रकार ठरतो तो तिच्या खुर्चीवरून! पाय साधे की नक्षीदार, खाली रेघ एक की दोन? अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची रोमन नाण्यांची सूची इंटरनेटवर मोफत आहे. तिथले फोटो शेजारी ठेवून मी खुर्च्याच जुळवत बसलो. नक्षीदार पाय, एक रेघ : ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या रोमन नाण्यांच्या संदर्भग्रंथात खंड 1, क्रमांक 30.

दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या साठ्यांत हाच प्रकार भरपूर आहे. त्याच्या जोडीला ऑगस्टसच्या नातवांचं, गायस आणि लुसियसचं नाणं. आता ते मिळवायचंय. ढाली-भाले घेऊन उभे असलेले दोघे भाऊ, आणि वर पुजाऱ्याची पळी व वाकड्या टोकाची काठी. त्यातली कोणती डावीकडे, यावरून त्याचे प्रकार पडतात.