एडिंबराच्या खालच्या मजल्यावर

एडिंबरामध्ये नकाशावर फार विसंबू नये. नकाशात दोन रस्ते एकमेकांना छेदताना दिसतात. प्रत्यक्षात एक दुसऱ्याच्या डोक्यावरून गेलेला असतो. विद्यापीठाकडून जुन्या शहरात जाताना जॉर्ज द फोर्थ ब्रिज लागतो. दोन्ही बाजूंना कॅफे, राष्ट्रीय ग्रंथालय, बसगाड्या, सगळं रस्त्यासारखंच. मधेच इमारतींची रांग तुटते, तिथून वाकून पाहिलं की खाली काऊगेट हा दुसरा रस्ता दिसतो आणि आपण पुलावर आहोत हे कळतं. साउथ ब्रिज त्याहून वस्ताद. १७८८ साली खुल्या झालेल्या या पुलाला १९ कमानी आहेत, पण उघडी दिसते एकच. बाकीच्या इमारतींनी गिळल्यात.

मास्टर्सचं वर्षभर इथे काढल्यावर माझं एक मत झालंय. या शहरात गर्दी वरच्या मजल्यावर राहते. निवांतपणा हवा असेल तर लांब जायची गरज नाही, उतार शोधायचा.

सुरुवात रॉयल माइल या जुन्या शहराच्या मुख्य रस्त्यावरूनच करा. किल्ल्याकडचा भाग सोडून खाली कॅननगेटकडे आलात की डंबार्स क्लोज नावाचा बोळ लागतो. बाहेरून काहीच कळत नाही. आत गेलं की सतराव्या शतकाच्या धाटणीची, चौकोनी कापलेल्या कुंपणांची बाग. बाग मात्र १९७० च्या दशकातली आहे. प्रेरणा पॅट्रिक गेडिस यांची. नगररचनेचा हा खटपट्या माणूस लग्नानंतर जुन्या शहरातल्या पडझड झालेल्या वस्तीत मुद्दाम राहायला गेला आणि रिकाम्या पडलेल्या जागांवर बागा उभ्या करत सुटला. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले, आणि समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्याच शिफारशीने पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. हे कळल्यापासून परीक्षेच्या दिवसांत मी त्या बागेत हक्काने डबा खायला जायचे.

डीन व्हिलेजबद्दल मात्र स्पष्टच सांगते. दुपारी जाऊ नका. सगळे फोटोसाठी एकाच पुलावर उभे असतात आणि तिथे राहणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा वैताग लपत नाही. सकाळी लवकर जा. वॉटर ऑफ लीथ या छोट्या नदीकाठी इथे शेकडो वर्षं पिठाच्या पाणचक्क्या होत्या. उतारावरच्या एका जुन्या घरावर १६७५ सालचा कोरीव दगड आहे. त्यावर गव्हाच्या पेंढ्या आहेत, आणि भट्टीतून पाव काढायची लांब दांड्याची फावडीही. हे घर पाववाल्यांच्या संघाचं होतं. तिथून स्टॉकब्रिजच्या दिशेने नदीकाठाने निघालं की अभियंता थॉमस टेलफर्डचा डीन ब्रिज डोक्यावरून जातो. १८३१ साली पुरा झालेला, सुमारे ३२ मीटर उंच. त्याच्यावरून बस जाताना खाली आवाज जेमतेम पोचतो. पुढे सेंट बर्नार्ड्स वेल: खांबांचं गोल देऊळ, आत आरोग्यदेवता हायजिया. इथल्या गंधकाच्या पाण्यासाठी लोक रांगा लावायचे. आता ते पिता येत नाही.

याच नदीत शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी २०१० मध्ये लोखंडी माणसं उभी केली. एकूण सहा, स्वतःच्याच देहाच्या साच्यातली. एक मॉडर्न आर्ट गॅलरीजवळ फुटपाथमध्ये छातीपर्यंत गाडलेला आहे, चार पाण्यात, शेवटचा लीथ बंदराच्या धक्क्यावर समुद्राकडे तोंड करून. धुक्यात पाण्यातला पहिल्यांदा दिसला की माणूस दचकतोच.

पण माझी खरी आवडती वाट इनोसंट रेल्वेची. १८३१ मध्ये डल्किथकडचा कोळसा शहरात आणायला हा लोहमार्ग टाकला. डबे घोडे ओढत. फक्त सेंट लिओनार्ड्सच्या बोगद्यातल्या चढावर घोड्यांचं काही चालेना, म्हणून वर वाफेचं इंजिन बसवून दोराने डबे खेचून घेत. आता रूळ गेले आणि सायकलची वाट झाली. पाचशेहून जास्त मीटर लांबीचा हा बोगदा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांपासून हाकेच्या अंतरावर सुरू होतो, तरी माझ्या वर्गातल्या निम्म्यांना तो माहीत नव्हता. आत दिवे आहेत, भिंती पाझरतात. पलीकडे बाहेर पडलात की डावीकडे आर्थर्स सीट या डोंगराचे कडे आणि शहर गायब.

पुढच्या रस्त्याला लागून डावीकडे वळलं की डडिंग्स्टन. तळं, बाराव्या शतकातलं चर्च, आणि चर्चच्या फाटकाशी लोखंडी गळपट्टा, गुन्हेगाराला चारचौघांत अडकवून ठेवायला. बाजूलाच एक बुटका मनोरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो राखणीसाठी बांधला, राखण ताज्या कबरींची. एडिंबरातल्या शरीररचनाशास्त्राच्या वर्गांना विच्छेदनासाठी प्रेतं कमी पडत, आणि रात्री उकरून आणलेल्या प्रेताला रोख पैसे मिळत. बर्क आणि हेअर या दोघांनी तर उकरण्याची मेहनतही वाचवली, १८२८ मध्ये थेट खूनच पाडले. बर्क फासावर गेला. त्याचा सांगाडा आजही विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. १८३२ च्या कायद्याने प्रेतं रीतसर मिळू लागली आणि राखणदारांचं काम संपलं. वैद्यकीच्या एका मैत्रिणीला मी तिथे नेलं, तर ती मनोऱ्याकडे पाहत म्हणाली, "म्हणजे हा आमच्याचसाठी बांधलाय!"

चर्चमागे, तळ्याच्या उतारावर डॉक्टर नील यांची बाग आहे. १९६३ पासून एका डॉक्टर जोडप्याने पडीक जागेवर ती फुलवली, आणि त्यांचे रुग्णही खुरपी घेऊन हाताशी येत. वरच्या शहरातल्या डॉक्टरांच्या धास्तीने मनोरा, इथे डॉक्टरांची बाग, आणि दोन्हींमध्ये एक भिंत.

परत येताना बोगद्यात डाव्या कडेने चाला, सायकली मागून सुसाट येतात. आणि गप्पा जातानाच उरकून घ्या. येताना तो घोड्यांना न झेपलेला चढ आपल्या वाट्याला असतो.