लेबलावर जे, तेच बाटलीत

कुडाळ तालुक्यातला आमचा उद्योग. आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), कोकम सिरप, आंबापोळी, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला आणि एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या. सुरुवात सासूबाईंची, आणि तीही धंदा म्हणून नव्हे. मुंबईच्या नातेवाइकांना मे महिन्यात पिशव्या भरून द्यायच्या. त्यांच्यातल्या एकाने शेजाऱ्यांसाठी पैसे देऊन माल मागवला आणि गाडी सुरू झाली. २०१६ मध्ये मी नोकरी सोडून यात उतरले, तेव्हा ऑर्डर व्हॉट्सअॅपवर यायच्या आणि खोके रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जायचे. आज स्वतःची वेबसाइट आहे, मार्केटप्लेसवरही (अनेकांचा माल विकणाऱ्या मोठ्या ऑनलाइन साइटवर) विक्री आहे आणि हंगामात बारा-पंधरा बायका कामाला असतात.

उद्योगाची ओळख करून देणाऱ्या पानावर यंत्रं, पुरस्कार आणि फीत कापतानाचे फोटो असतात. आमच्याकडे सांगण्यासारखं वेगळं आहे. आठवडी बाजारात गिऱ्हाईक आमसूल हातात घेतं, वास घेतं, तुकडा मोडून तोंडात टाकतं आणि मग भाव करतं. ऑनलाइन गिऱ्हाइकासमोर असतो एक फोटो आणि आपण लिहिलेल्या चार ओळी. त्या चार ओळींत काय लिहायचं यावर आमच्या घरात जेवढे वाद झाले, तेवढे भावावरूनही झाले नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. अन्नसुरक्षेची नोंदणी (१४ आकडी नंबर), वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याकडे पॅकर म्हणून नोंद, काट्याचं दरवर्षी पासिंग, आणि जीएसटी. मार्केटप्लेसवर माल विकायचा तर तेव्हा उलाढाल कितीही किरकोळ असली तरी जीएसटी नंबर लागायचाच. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना त्यातून सूट मिळाली ती १ ऑक्टोबर २०२३ पासून. हे सगळं कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही.

काट्याची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. आमसुलात मीठ असतं, त्यामुळे ती ओल धरतात. जुलैत पाकीट भरलं तर काट्यावर दिसणाऱ्या २५० ग्रॅममध्ये आपल्या पावसाचं पाणीही असतं. तेच पाकीट नागपूरच्या कोरड्या हवेत महिनाभर राहिलं, पिशवी पातळ असली, की पाणी उडतं आणि वजन खाली येतं. म्हणून आम्ही पाऊस लागायच्या आत भरून मोकळे होतो, पिशवी जाड लॅमिनेटेड वापरतो आणि चार-पाच ग्रॅम जास्तच टाकतो. पाकिटावर जे छापायचं तेच, म्हणजे निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीचा नंबर, हे वेबसाइटवरही दाखवणं १ जानेवारी २०१८ पासून बंधनकारक आहे; फक्त पॅकिंगचा महिना-वर्ष तिथे नसला तरी चालतो. आम्ही बॅचचा महिनाही टाकतो, कारण लोक फोन करून तेच विचारतात.

आता मोठा वाद. लॉकडाऊननंतर विक्री वाढली तशी आम्ही जाहिरातीसाठी पुण्याची एक एजन्सी धरली. त्यांनी आगळाच्या जाहिरातीचा मजकूर पाठवला : ‘पोटाची चरबी वितळवणारं कोकणी अमृत’. खाली मधुमेहावर दोन ओळी. मी तो सासूबाईंना वाचून दाखवला. त्या खळ्यात सोलं (वाळत घातलेली कोकमाची सालं) उलटत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “आगळ पिऊन माणूस बारीक झालो असतो, तर मी अशी कित्याक रवलंय?”

त्यांचा मुद्दा कायद्याहून पक्का होता, पण कायदाही तेच म्हणतो. मधुमेह आणि लठ्ठपणा हे दोन्ही १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात आहेत; ते बरे करण्याची जाहिरातच करता येत नाही. अन्नपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत दंड आहे. शिवाय बाजारात वजन घटवायच्या गोळ्या ज्या गार्सिनियाच्या (कोकमाच्या भावकीतल्या झाडाच्या) नावाने खपतात, ती जात बहुतेक वेळा वेगळी. आपलं कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. त्या गोळ्यांचं पुण्य आमच्या बाटलीच्या खात्यात कशाला जमा करायचं? एजन्सीतला मुलगा म्हणाला, “मॅडम, आपण नाही म्हणायचं, कस्टमर म्हणतो असं दाखवू.” खरंच काही ग्राहक तसं लिहून पाठवतात, कुणाची शुगर उतरली, कुणाचं पित्त गेलं. निरोप मनापासूनचे असतात, पण ते आपण जाहिरातीत लावले की दावा आपला होतो. ते निरोप आम्ही फोनमध्येच ठेवतो. एजन्सी पुढच्या महिन्यात सुटली.

‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘केमिकल फ्री’ हेही आम्ही काढलं. मे २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच (एफएसएसएआय) ‘१००%’ हा शब्द लेबलावर नको असं कळवलं, पण आमच्याकडे तो आधीपासून नव्हता. आगळाच्या बाटलीवर एवढंच आहे : घटक – कोकमाचा रस, मीठ. टिकतं ते मिठामुळे. ‘सेंद्रिय’ लिहायला प्रमाणपत्र लागतं, ते आमच्याकडे नाही. परड्यातल्या रातांब्याला (कोकमाच्या झाडाला) कुणी खत घालत नाही हे खरं, पण म्हणून तो शब्द आमचा होत नाही.

हापूसचं प्रकरण याहून नाजूक, कारण तिथे सरळ पैसा जातो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतला आंबाच त्या नावाने विकता येतो. कर्नाटकचा आंबा कोकणच्या पेटीत भरण्याचे प्रकार सगळ्यांना ठाऊक आहेत, त्याबद्दल बोलून झालं आहे. आमचा पेच घरातलाच होता. आमच्या पेट्या येतात कुडाळ-वेंगुर्ल्याच्या बागांतून. अस्सल हापूस, मानांकनाच्या हद्दीतला. पण मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक शोधताना टाइप करतं ‘देवगड हापूस’. शीर्षकात ‘देवगड’ टाकलं की ऑर्डर वाढतात, हे मार्केटप्लेसच्या आकड्यांत स्पष्ट दिसतं. चाखून फरक ओळखणारे थोडे. तरी आम्ही ‘हापूस, तालुका वेंगुर्ला’ किंवा ‘हापूस, तालुका कुडाळ’ असंच लिहितो. नवऱ्याला हे बरीच वर्षं पटत नव्हतं. “जिल्हा तर एकच ना?” म्हणायचा. मग २०२५ च्या हंगामात देवगडच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर स्वतंत्र कोडचा स्टिकर आणला आणि तो वाद आपोआप मिटला.

आंब्यातच साका आला. साका म्हणजे फळ वरून देखणं, आत पांढरट, आंबट गर. कापल्याशिवाय कुणालाच कळत नाही, बागायतदारालाही नाही. ‘नाशवंत माल, परत घेतला जाणार नाही’ असं लिहून बरेच जण हात झटकतात. २०२० चे ई-कॉमर्स नियम सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ देत नाहीत. आमची पद्धत साधी : कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे परत. एकच फोटो दोनदा पाठवणारे महाभागही भेटले आहेत, असो. त्याच नियमांनुसार वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव हवं, ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण हवं. हुद्दा भारदस्त आहे. तो मीच सांभाळते, बाटल्यांना बूच लावता लावता.

वेबसाइट कुडाळच्या एका मुलाने बनवली. हुशार पोरगा. “वहिनी, एक भारी प्लगइन टाकलंय,” म्हणाला. प्लगइन म्हणजे वेबसाइटला जोडायचा तयार प्रोग्राम. उघडून पाहते तर आंबापोळीखाली लाल अक्षरांत ‘फक्त ३ शिल्लक’ आणि ‘आत्ता १७ जण हे पाहत आहेत’. आत मागे आंबापोळीचे डबेच्या डबे रचलेले. सतरा हा आकडा पान ताजं केलं की एकवीस व्हायचा. प्लगइन मनाने आकडे काढत होतं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ युक्त्या नोंदवल्या आहेत, त्यांतली पहिलीच ही खोटी घाई. गिफ्ट पॅकिंगच्या चौकोनात आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली होती, तीही काढायला लावली. डिलिव्हरीचा खर्च आम्ही पिनकोड टाकताच दाखवतो. कोकणातून कुरिअर महाग पडतं, काही गिऱ्हाइकं तिथेच थांबतात. पैसे भरायच्या शेवटच्या पायरीवर शंभर रुपये वाढवून त्यांना अडकवण्यापेक्षा ते परवडलं.

परीक्षणं विकत मिळतात हे कळायला फार दिवस लागले नाहीत. दर आठवड्याला कुणी ना कुणी पाच ताऱ्यांचं पॅकेज घेऊन निरोप पाठवतं. खोकीत चिठ्ठी टाकून ‘पाच तारे द्या, पन्नास रुपये मिळवा’ म्हणणं हाही त्याचाच सोवळा प्रकार. आम्हाला मिळालेलं सगळ्यात कामाचं परीक्षण एका ताऱ्याचं आहे. विदर्भातल्या एका ताईंनी लिहिलं, “सरबत भयंकर खारट, ओतून दिलं.” त्यांनी आगळ थंड पाण्यात ढवळून तसंच प्यायलं होतं. ते परीक्षण अजून पानावर आहे आणि त्याच्या वर आगळाच्या वर्णनाची पहिली ओळ आली : ‘हे सरबत नाही. यात साखर नाही, मीठ आहे. सोलकढीसाठी.’ नंतर तशी तक्रार क्वचितच आली.

व्हिडिओ करणाऱ्यांना आम्ही माल फुकट पाठवतो, पण व्हिडिओवर ‘जाहिरात’ असं दिसेल असं आधी ठरवून. पैसे दिले नाहीत म्हणून ती जाहिरात नाही, असं अनेकांना वाटतं. फुकटचा माल हाही मोबदलाच. काही जण यावरून नाही म्हणाले, त्यांच्याशी भांडण नाही.

फोटोंवरून मात्र भांडण झालं. आमच्या खळ्यातल्या सोलांचा फोटो, सासूबाईंच्या बांगड्यांसकट, दुसऱ्या राज्यातल्या एका विक्रेत्याच्या पानावर सापडला. कॉपीराइटची लेखी तक्रार केली की मार्केटप्लेसने ३६ तासांत मजकूर झाकायचा असतो. पुढे २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा दिसू शकतो. मूळ फाइल, तारीख आणि त्याच दिवशीचे इतर फोटो जोडून दिले. फोटो उतरला आणि परत आला नाही. तेव्हापासून मूळ फाइली तारखेनुसार वेगळ्या ठेवतो.

सध्या काम चालू आहे ते नंबरांवर. एवढ्या वर्षांत ग्राहकांचे नंबर बिलांच्या वह्यांत, जुन्या फोनमध्ये आणि कुरिअरच्या एक्सेलमध्ये साठलेत. ते मागणारेही भेटतात. एका रिसॉर्टवाल्याने त्याच्या पाहुण्यांची यादी देऊन आमची घ्यायची तयारी दाखवली होती. गिऱ्हाइकाने नंबर दिला तो पार्सलसाठी, रिसॉर्टसाठी नव्हे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. आम्ही थांबलो नाही. जुन्या यादीतल्या प्रत्येकाला एकच निरोप पाठवला : हंगामाची माहिती हवी असेल तर ‘हो’ लिहा. निम्म्यांहून जास्त लोकांनी काहीच लिहिलं नाही, त्यांचे नंबर यादीतून काढले. नवरा दोन दिवस गप्प होता. यंदाच्या आंब्याचा निरोप उरलेल्यांनाच जाईल. बाकीच्यांना हवा असेल तर वेबसाइटवर दर आणि बागेचा तालुका मार्चअखेर टाकू.