मुक्तागिरीला खरंच केशर पडतं का?

माहेर परतवाड्याचं, मुक्तागिरी या जैन तीर्थाजवळचं, म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "मुक्तागिरीला खरंच केशराचा पाऊस पडतो का हो?" तुम्हीही विचारलंत, म्हणून पाहिलं तेवढं सांगते.

ठिपके पडतात. अष्टमी, चौदस, पौर्णिमेला पडतात म्हणे. मी पाहिले ते एका चौदसीला. मोहरीएवढे, हळदीसारखे पिवळे, मंदिरासमोरच्या फरशीवर. भाऊ तेव्हा बीएस्सीला होता. त्याने मधमाश्यांवर बोट ठेवलं. उडता उडता त्या विष्ठा टाकतात आणि परागकणांमुळे ती पिवळी असते. मला त्याचं पटतं. आजीसमोर मात्र कधी बोलले नाही.

मला नवल वाटतं ते वेगळंच. केशराचं सगळे विचारतात, मेंढ्याचं कुणीच नाही. या डोंगराचं दुसरं नाव मेंढगिरी. ध्यानाला बसलेल्या मुनींपुढे कड्यावरून एक मेंढा कोसळला. ध्यान सुटल्यावर त्यांनी त्याच्या कानात जैनांचा णमोकार मंत्र म्हटला. मेंढा मेला, देव झाला आणि मुनींच्या पूजेला परत आला, केशर तेव्हापासूनचं. तीर्थंकर शीतलनाथांच्या समवसरणाच्या, म्हणजे धर्मसभेच्या, वेळी मोती बरसले म्हणून मुक्तागिरी, असंही सांगतात. पण मोती काय, केशर काय, मला तो धडपडून पडलेला मेंढाच जवळचा. तीर्थाला जनावराचं नाव मिळावं, यापरतं काय हवं!

आजी निर्वाणकांड हे प्राकृत स्तोत्र रोज म्हणायची. त्यात पत्ताच दिलाय : अचलपूरच्या ईशान्येला, मेंढगिरीच्या शिखरावरून साडेतीन कोटी मुनी मोक्षाला गेले. प्राकृतात साडेतीनला 'आहुट्ठ' म्हणतात. आपल्या औटकीच्या पाढ्यातलं 'औट' ते हेच.

कागदोपत्री हे सगळं मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात. आमच्यासाठी ते गावामागचंच. बावन्न मंदिरं, पांढरी शिखरं, आणि पावसाळ्यात मधोमध कोसळणारा धबधबा. पायऱ्या अनवाणी चढायच्या. पूर्वी लोक जोड्यांसकट वर जात. 1923 साली जैन मंडळींनी खापर्ड्यांच्या इस्टेटीतून हा डोंगर विकत घेतला, त्यामागे हीच खंत होती. उन्हाळ्यात दुपारी चढलात तर तळपाय ही गोष्ट विसरू देत नाहीत.

तर ती चौदस. आजीने धुवट पांढरा रुमाल कठड्यावर पसरला होता आणि शेजारी बसून जप चालला होता. उठताना पाहिलं तर रुमालावर दोन ठिपके. भावाने नाक पुढे केलं.

"वास कायले घेतं रे?" आजी म्हणाली. रुमालाची ठिपके आत जातील अशी चौघडी घातली, कमरेला खोचला आणि पायऱ्या उतरायला लागली.